माग बिघडलाय की मागणीच नाही?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय 38. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना. उंची 5 फूट 6 इंच, वजन 61 किलो, कंबर 92 सेंटिमीटर. उपाशीपोटी शुगर 108, एचबीए1सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी तपासणी, 6.2. आई-वडील दोघांनाही शुगर. स्नायूंतले मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणारे कण, बिघडले की इन्सुलिन चालत नाही, असं तुमच्या वाचनात आलं आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. माझे मायटोकाँड्रिया बिघडलेत का? त्यांच्यासाठी म्हणून जी गोळ्यांची डबी आणलीय ती सुरू करू का? आणि मायटोकाँड्रिया आईकडून येतात, मग हे दुखणं आईकडूनच आलं का?

तिसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येते, कारण तो दिसतो तेवढा भाबडा नाही.

इन्सुलिनच्या गोष्टीत स्नायू मधे का येतात, तिथून सुरुवात करू. माणसाला शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज एकाच वेळी देऊन, रक्तातली शुगर एका पातळीवर रोखून धरायची आणि ग्लुकोज कुठे जातंय ते बघायचं, अशी एक चाचणी आहे. राल्फ डीफ्रान्झो यांनी ती 1979 साली नीट बसवली. त्यातून दिसलं की अशा वेळी साधारण 80 टक्के ग्लुकोज हाडांवरचे स्नायू उचलतात. रोजच्या जेवणानंतर यकृतही बराच वाटा घेतं, त्यामुळे तिथे हा आकडा तसाच लागू होत नाही. पण मोठा गिऱ्हाईक स्नायूच. तो माल उचलेनासा झाला की रक्तात माल साचतो.

हे उचलणं कसं होतं? तुमच्याच भाषेत सांगते. गोडाऊनला शटर आहे, पण ते जागेवर बसवलेलं नाही, आत घडी करून ठेवलंय. इन्सुलिन दारावर येऊन बेल वाजवतं, आत एकाकडून दुसऱ्याकडे निरोप जातो, आणि मग ‘ग्लूट-फोर’ नावाची शटरं आतून येऊन भिंतीत बसतात. तेव्हा कुठे ग्लुकोज आत शिरतं. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे बेल वाजतेय, पण निरोप मधेच अडकतोय. स्नायू इन्सुलिनला दाद देत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, जोरजोरात बेल वाजवतं. काही वर्षं हे खपतं. तुमचं सध्या तेच चाललंय.

आता मायटोकाँड्रिया. शाळेच्या पुस्तकात यांना तंतुकणिका म्हणायचे. पेशीतले माग समजा. सूत म्हणजे ग्लुकोज आणि चरबी, कापड म्हणजे एटीपी, ज्याच्यावर स्नायू आखडतो नि सैल होतो.

2002 ते 2004 या काळात लागोपाठ काही शोधनिबंध आले. मी तेव्हा नुकती प्रॅक्टिसला बसले होते. 2002 साली पिट्सबर्गच्या गटाने शुगरच्या आणि लठ्ठ माणसांच्या मांडीतला स्नायूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर मायटोकाँड्रिया आकाराने लहान. 2003 साली दोन गटांनी दाखवलं की मायटोकाँड्रिया घडवणाऱ्या जनुकांचं काम शुगरवाल्यांच्या स्नायूंत मंदावलेलं असतं. आणि 2004 साली येल विद्यापीठातल्या गेराल्ड शुलमन यांच्या गटाने ज्यांच्यावर प्रयोग केला ती माणसं तर अगदी तुमच्यासारखी होती: आई-वडिलांना शुगर, स्वतःला नाही, वजनाने बारीक, पण इन्सुलिनला दाद न देणारी. त्यांच्या स्नायूंत एटीपी बनण्याचा वेग साधारण 30 टक्के कमी आणि स्नायूच्या धाग्यांत साठलेली चरबी साधारण 80 टक्के जास्त.

गोष्ट जुळून आली. माग कमजोर, म्हणून चरबीचं सूत जळत नाही. ते पेशीत साचतं, त्यातून डायअसाइलग्लिसरॉल नावाचा अर्धवट माल तयार होतो, तो एका एन्झाइमला चाळवतो, आणि ते एन्झाइम इन्सुलिनचा निरोप मधेच अडवतं. इतकी सुबक साखळी की मी कॉन्फरन्समध्ये तिचे स्लाइड दाखवत फिरले. तुम्ही वाचलंत ते बहुतेक याच साखळीचं घरगुती रूप आहे.

पण तुम्ही कारखानदार आहात, म्हणून तुम्हालाच विचारते. तुमच्या शेडमध्ये 24 माग आहेत. महिनाभर ऑर्डर नाही. बाहेरचा माणूस येऊन मोजतो, तर 8 माग चालू, बाकी बंद. त्याने वहीत लिहिलं, ‘कारखान्याची क्षमता घटली, म्हणून गोडाऊनमध्ये सूत साचलंय.’ तुम्ही काय म्हणाल? म्हणाल, अहो, माग धडधाकट आहेत, मागणीच नाही!

मायटोकाँड्रियाचं नेमकं हेच आहे, आणि बहुतेक लेखांतून हीच गोष्ट गाळलेली असते. ते सूत किती आलंय हे बघून चालत नाहीत, कापड किती खपतंय हे बघून चालतात. स्नायू आखडला, एटीपी खर्च झालं, त्याचं एडीपी झालं, ते परत आलं, की माग हलतो. खुर्चीत बसलेल्या माणसाचे स्नायू आपल्या मायटोकाँड्रियांच्या ताकदीचा अगदी छोटासा भाग वापरत असतात. ताकद 30 टक्क्यांनी घटली तरी बसल्याजागी लागणारं इंधन जाळायला उरलेली पुरून उरते. मग ‘क्षमता कमी म्हणून चरबी साचली’ हे कारण कसं बसणार? येलच्या प्रयोगातही मोजणी विश्रांतीतल्या स्नायूची होती. विश्रांतीत एटीपी कमी बनतंय याचा अर्थ कमी लागतंय असाही होऊ शकतो.

बाकी पुरावेही बघा. उंदरांना चरबीयुक्त खाणं दिलं तर ते इन्सुलिनला दाद देईनासे होतात, पण त्याच वेळी त्यांच्या स्नायूंतले मायटोकाँड्रिया वाढतात. माणसांत, नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर इन्सुलिन चांगलं चालू लागतं, मायटोकाँड्रिया मात्र होते तेवढेच राहतात. आणि एकदाच तासभर सडकून चाललं, की पुढचे 24 ते 48 तास स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देतात. एका तासात नवे माग बसत नाहीत, त्याला काही आठवडे लागतात. म्हणजे आधी इन्सुलिन सुधारलं, माग मागून आले.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते 2008 च्या एका कामाने. मेयो क्लिनिकमधल्या श्रीकुमारन नायर यांच्या गटाने भारतीय आणि उत्तर युरोपीय वंशाच्या अमेरिकनांचे स्नायू शेजारी शेजारी ठेवून बघितले. माणसं थोडीच होती, पण निकाल चक्रावणारा. भारतीयांच्या मायटोकाँड्रियांची ताकद गोऱ्यांपेक्षा जास्त! आणि इन्सुलिनला दाद न देण्यातही भारतीयच पुढे. वर, शुगर असलेले भारतीय आणि नसलेले भारतीय यांच्या मायटोकाँड्रियांत फरक नाही. माग उत्तम, तरी गोडाऊन तुंबलेलं.

म्हणून पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: तुमचे मायटोकाँड्रिया बिघडलेत असं मानायला मला काही कारण दिसत नाही. ते रिकामे बसलेत, एवढं मात्र नक्की दिसतंय.

सगळी साखळी खोटी असं मात्र मी म्हणत नाही. स्नायूत साचलेली चरबी आणि अडकलेला निरोप यांचं नातं खरं आहे. मागावर नको इतकं सूत लादलं तर धागे तुटतात, तसं मायटोकाँड्रियांवर इंधनाचा दाब आला की अर्धवट जळालेला माल आणि ठिणग्या, म्हणजे ऑक्सिजनची उपद्रवी रूपं, बाहेर पडतात आणि इन्सुलिनच्या निरोपात आणखी खोडा घालतात. वर्षानुवर्षं असं चाललं तर माग खरोखर खराब होत असतील, वयानेही होतात. भांडण आहे ते आधी काय आणि नंतर काय यावर. गंमत म्हणजे सराव असलेल्या पळणाऱ्यांच्या स्नायूंतही भरपूर चरबी असते आणि तरी ते इन्सुलिनला झकास दाद देतात. त्यांच्याकडे माल येतो, थांबतो आणि सकाळी उठून जातो.

माझ्या दवाखान्यात हे पुस्तकाबाहेर कसं दिसतं ते सांगते. पूर्व भागातला एक जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती करणारा, माझ्याकडे येतो. तेलुगू घरातला माणूस, माझ्याशी मराठीत बोलता बोलता बायकोला तेलुगूत टोमणे मारतो. वीस वर्षं साध्या मागांवर काढली. दिवसभर उभा, वाकायचं, बीम चढवायला हात लावायचा, तुटलेला धागा बघत या टोकाकडून त्या टोकाकडे. मालकाने रॅपियर माग आणले आणि याला सुपरवायझर करून काचेच्या केबिनमध्ये खुर्ची दिली. पगार वाढला. वर्षाच्या आत वजन फक्त दोन किलोने वाढलं, पण एचबीए1सी 5.8 वरून 6.9. खाणं तेच: तीच ज्वारीची भाकरी, तीच शेंगाचटणी, तोच शनिवारचा बेत. ‘मॅडम, खुर्ची बाधली’ असं तो म्हणाला, आणि मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

उलट दिशेचंही उदाहरण आहे. एका पेशंटच्या घरात सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजाचा मान आहे. गड्ड्याची यात्रा जवळ आली की रोज संध्याकाळी सराव सुरू होतो. तो भला उंच नंदीध्वज पेलून चालायचं म्हणजे मांड्या, पाठ, खांदे, सगळ्यांची परीक्षा. जानेवारीतले त्याचे रिपोर्ट बघून मी दरवर्षी खूश होते आणि उन्हाळ्यात दरवर्षी त्याला रागावते.

आणि हा माझ्यावरचाच प्रयोग. मला शुगर नाही, पण माझ्या आईला होती, म्हणून मी अधूनमधून बोट टोचून बघते. एका रविवारी दुपारी दोन भाकऱ्या, पिठलं, कांदा, शेंगाचटणी, थोडा भात. जेवून पलंगावर आडवी झाले, तासाने मोजली: 164. पुढच्या रविवारी हट्टाने तेच जेवण, तेवढंच, त्याच वेळेला. हात धुतले आणि बाहेर ऊन म्हणून घरातल्या घरात, जिन्यावरून गच्चीपर्यंत वर-खाली, वीस मिनिटं. सासूबाईंना वाटलं माझं काहीतरी हरवलंय. तासाने मोजली: 127. एका बाईच्या दोन रविवारांना शास्त्र म्हणत नाहीत, ग्लुकोमीटरही दहा-पंधराने इकडेतिकडे होतो. पण जेवणानंतर चाललं की शुगरची उसळी कमी होते, हे भरपूर अभ्यासांतून दिसलेलंच आहे.

यामागची गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. स्नायू आखडतो तेव्हा ती ग्लूट-फोरची शटरं इन्सुलिनची बेल न वाजताही भिंतीत येऊन बसतात. दुसरा रस्ता आहे तो, मागच्या दाराचा, आणि इन्सुलिन रेझिस्टन्समध्येही तो उघडाच राहतो. शिवाय काम केल्याने स्नायूतलं ग्लायकोजेनचं, म्हणजे साठवलेल्या ग्लुकोजचं, कोठार रिकामं होतं. सगळ्या स्नायूंचं मिळून हे कोठार साधारण 400 ग्रॅमचं, यकृताचं साधारण 100 ग्रॅमचं. ते कधी रिकामंच झालं नाही तर नवा माल ठेवायचा कुठे? तुम्ही नाश्त्याला, चहाला, जेवणाला भरत राहता, आणि कोठार कालपासून भरलेलंच.

‘पण मॅडम, मी तर बारीक आहे,’ हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंत. नाही, बारीक नाही. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 21.7 येतो, कागदावर सुरेख. पण कंबर 92 आहे आणि आपल्याकडच्या पुरुषांना मर्यादा 90 ची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याचा, जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचाही बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2. आपल्याकडे असंच आहे: हातपाय काड्या, पोट पुढे. स्नायू मुळात थोडे म्हणजे गोडाऊनच लहान. कातडीखाली चरबी साठवायची जागा लवकर संपते आणि उरलेली यकृतात, पोटात, स्नायूंच्या धाग्यांत घुसते. म्हणून तुम्हाला वजन उतरवण्यापेक्षा कंबर उतरवणं आणि मांड्या भरणं जास्त गरजेचं आहे.

आता ती डबी. तुम्ही पाठवलेल्या फोटोत को-एन्झाइम क्यू टेन, अल्फा लिपॉइक ॲसिड, एल-कार्निटिन आणि बरंच काही लिहिलंय. इन्सुलिन रेझिस्टन्ससाठी यातलं काहीही मी लिहून देत नाही. वर सांगितलेला मुद्दा लक्षात ठेवा: ऑर्डर नसताना मागाला तेल घालून कापड निघत नाही. आणखी एक विसंगती सांगते. शुगरवर जगभर सगळ्यात जास्त दिलं जाणारं औषध मेटफॉर्मिन. ते मायटोकाँड्रियाच्या श्वसनसाखळीतल्या पहिल्याच कडीवर हलका ब्रेक लावतं, हे 2000 साली दोन गटांनी दाखवलं. नेहमीच्या डोसला त्याचा परिणाम नेमका याच वाटेने होतो का, यावर अजून वाद आहे. पण मायटोकाँड्रियांना ‘सपोर्ट’ दिला की शुगर जाते, एवढं सोपं गणित असतं तर हे औषध शुगर वाढवणारं ठरायला हवं होतं. ज्यांना मेटफॉर्मिन चालू आहे त्यांनी हे वाचून बंद करू नये. चांगलं औषध आहे, मी रोज लिहिते.

डबीचं सील फोडलं नसेल तर दुकानदार परत घेतो का बघा. आणि त्या जाहिरातीसोबत आलेलं हजारो रुपयांचं तपासणीचं पॅकेज घेऊ नका. रक्तातून स्नायूच्या मायटोकाँड्रियांची तब्येत कळत नाही. त्यासाठी स्नायूचा तुकडा काढावा लागतो किंवा एमआरआयसारख्या यंत्रातला खास अभ्यास, आणि शुगरच्या बाबतीत दोन्ही संशोधनापुरतेच.

करायचं काय? अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तुमच्यासारख्या काठावरच्या माणसांना आठवड्याला 150 मिनिटं चालणं आणि वजनात 7 टक्के घट एवढंच ध्येय दिलं होतं. पुढे शुगर होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिनने 31 टक्क्यांनी. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने 2006 साली भारतीयांवरचा असाच अभ्यास मांडला. त्यात जीवनशैलीचा फायदा 28.5 टक्के आणि मेटफॉर्मिनचा 26.4. आपला आकडा लहान आहे, लपवत नाही. मला तर वाटतं आपण ‘चालतो’ म्हणतो तेव्हा बऱ्याचदा रमतगमत, फोनवर बोलत, मधे चहाला थांबत चालतो. कंबर तलावावर सकाळी बघा, अर्धा सोलापूर चालायला येतं, पण दम लागलेला माणूस शोधावा लागतो.

तुम्हाला मी हे सांगेन. दोन्ही मोठ्या जेवणांनंतर पंधरा मिनिटं चाला. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर पडायचं नाही, शेडमध्येच फेऱ्या मारा, मागांवर नजर राहील तो फायदा वेगळा. आठवड्यातून तीन दिवस ताकदीचं काम: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, जिना, भिंतीला टेकून बैठक, जोर. पहिल्या पंधरवड्यात मांड्या दुखतील, दुखू दे. सलग दोन दिवस खाडा नको, कारण त्या एका दिवसाच्या श्रमाची पुण्याई 48 तासांपलीकडे टिकत नाही. दम असा लागावा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. छातीत दुखलं, डावा हात भरून आला, तर लगेच थांबा आणि थेट दवाखाना गाठा. बाकी जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात त्यांनी हे आपल्या डॉक्टरांना विचारून करावं, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

खाण्याचं लांबवत नाही. मालदांडी ज्वारीची भाकरी चांगलीच, पण चार खाल्ल्या तर चारच्या हिशेबाने शुगर वाढते. संध्याकाळी चहाबरोबर खारी-बटर बंद करा.

आता आईचं. मायटोकाँड्रिया आईकडूनच येतात हे बरोबर आहे. त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, तो आईच्या बीजातून उतरतो. पण मायटोकाँड्रिया घडवणाऱ्या बहुतेक जनुकांचा साठा पेशीच्या केंद्रकात असतो आणि तो दोघांकडून येतो. नेहमीची शुगर दोन्ही घरांकडून येते, आणि घरात एकच चूल, एकाच तऱ्हेचं बसणं, हेही वारशानेच येतं. त्यामुळे आईला दोष देऊ नका.

एक अपवाद मात्र आहे, म्हणून हा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. मायटोकाँड्रियाच्याच डीएनएतल्या एका बदलामुळे होणारी शुगर असते. ती आईच्या बाजूने उतरते आणि तिच्यासोबत बहिरेपण येतं. 1992 साली तिचा शोध लागला. ती दुर्मिळ आहे, आणि तिच्यात मुख्य बिघाड स्नायूंत नसतो, स्वादुपिंडात इन्सुलिन कमी पडतं. अशी माणसं बहुतेक सडपातळ, आणि त्यांना मेटफॉर्मिन देताना आम्ही दहादा विचार करतो.

तुम्ही सहज लिहून गेलात की आईंना ऐकायला कमी येतं. सोलापुरात यावरून काही ठरवणं अवघड आहे. ज्या घरात खाली माग आणि वर संसार, तिथे साठीच्या पुढे कुणाला नीट ऐकू येतं? त्या खडखडाटाने आलेलं बहिरेपणच बहुधा असेल. तुमची कंबर आणि वडिलांची शुगरही त्याच बाजूने बोलतेय. तरी एवढं विचारा: आईंना कमी ऐकू यायला लागलं तेव्हा वय काय होतं, शुगर त्याच्या आधी की नंतर, आणि माग ज्यांच्या घरात कधीच नव्हते अशा मामा-मावश्यांपैकी कुणाला तरुणपणीच कमी ऐकू येतं का. तिन्हींची उत्तरं घेऊन या, तीन महिन्यांनी एचबीए1सी करू तेव्हा सोबत बघू. मावशीला फोन कराल तेव्हा जरा मोठ्याने बोला आणि तिने किती वेळा ‘काय?’ म्हटलं ते मोजा.